कोण जिंकणार? पारावरचे भाकीत आणि पडद्यावरचे गणित

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील धर्मापुरी हे गाव अभ्यासकांना ठाऊक आहे ते तेथील चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरासाठी आणि भुईकोट किल्ल्यासाठी. मात्र मार्च महिना सरत आला, की मराठवाड्यातील इतर कोणत्याही गावाप्रमाणे येथील पारावर आणि चहाच्या हॉटेलात मंदिराची किंवा किल्ल्याची चर्चा होत नाही. तेथे एकच प्रश्न असतो : यंदा कोण जिंकणार? आयपीएलचा पहिला चेंडू पडण्याआधीच ‘औंदा मुंबईच!’ अशी छातीठोक घोषणा होते. त्यावर चेन्नईचा कोणी निष्ठावंत ‘धोनी हाय तवर बोलू नका’ असे बजावतो. पैज लागते ती एका कटिंगची. मे महिन्यात दोघांचेही अंदाज चुकलेले असतात आणि चहाचे पैसे बहुधा तिसराच कोणी देतो.

शहरातील वाचकाने यावर हसण्याचे कारण नाही. वातानुकूलित स्टुडिओत बसून, कोट-टाय घालून, रंगीत आलेखांच्या साह्याने जे केले जाते ते याहून फारसे वेगळे नसते. फरक इतकाच, की पारावरचा माणूस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याची यथेच्छ टिंगल होते. पडद्यावरचा माणूस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा नवे भाकीत विचारले जाते.

हंगामाची भाकिते इतक्या नेमाने का चुकतात, प्रक्षेपणाची साधने बदलली तशी ही भाकिते कशी बदलली आणि एका कटिंगच्या पैजेत असा काय गुण होता, जो मोबाइलच्या पडद्यावर हरवत गेला, हे समजून घेण्यासारखे आहे.

भाकितांचा महिना

महाराष्ट्रात चैत्र-वैशाख हे तसेही भाकितांचेच महिने. ऊसतोडीला गेलेली बीड जिल्ह्यातील कुटुंबे कारखान्यांचे गाळप आटोपताच गावी परततात. गुढीपाडव्याला पंचांगवाचन होते आणि वर्षफळ सांगितले जाते. बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी केली जाते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पिके आणि राज्यकारभार यांविषयीची भाकिते जाहीर होतात. तिला शास्त्रीय आधार नसल्याचा आक्षेप अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे घेत आले आहेत. तरीही तेथील भाकिताची बातमी राज्यभर चवीने वाचली जाते.

याच सुमारास, एप्रिलच्या मध्यावर, भारतीय हवामान विभाग मोसमी पावसाचा अंदाज जाहीर करतो. २०२३ मध्ये विभागाने दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, पडला ९४ टक्के. २०२४ मध्ये अंदाज १०६ टक्के होता, पडला १०८ टक्के. २०२५ चा अंदाज १०५ टक्के, प्रत्यक्षात १०८ टक्के. येथे महत्त्वाची बाब आकड्यांपेक्षा त्यांना जोडलेल्या एका छोट्याशा वाक्यात आहे. हवामान विभाग प्रत्येक वेळी सांगतो, की या अंदाजात पाच टक्के कमी-अधिक होऊ शकते. म्हणजे आपण किती चुकू शकतो, हेही तो आधीच सांगून ठेवतो.

शास्त्रीय अंदाज आणि निव्वळ भाकीत यांतील सीमारेषा हीच. पारावरचा क्रिकेटवेडा ‘मुंबईच!’ म्हणतो, तेव्हा त्या ‘च’मध्ये चुकीला जागाच नसते. स्टुडिओतील तज्ज्ञाची अडचणही तीच. ‘मुंबईला साधारण पंधरा टक्के संधी आहे’ असे सांगणाऱ्या तज्ज्ञाला कोणी पुढच्या कार्यक्रमाला बोलावणार नाही. प्रक्षेपणाला ‘च’ हवा असतो.

कानांनी पाहिलेला खेळ

प्रक्षेपणाचा हा स्वभाव मात्र पहिल्यापासून असा नव्हता. भारतातील क्रिकेटच्या रेडिओ समालोचनाचा आरंभ १९३४ मध्ये मुंबईतील चौरंगी सामन्यांपासून झाल्याचे मानले जाते. समालोचक होते ए. एफ. एस. ऊर्फ बॉबी तल्यारखान. दिवसभराचे समालोचन ते एकटेच करीत आणि ध्वनिक्षेपक दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेणे त्यांना मान्य नसे. आजच्या प्रक्षेपणात एका षटकात चार जण बोलतात, ते ऐकून तल्यारखान काय म्हणाले असते, याचे भाकीत मात्र सहज करता येईल.

मराठी श्रोत्यांसाठी हा खेळ खऱ्या अर्थाने घरात आणला तो बाळ ज. पंडित यांनी. आकाशवाणीवरील त्यांच्या समालोचनामुळे षटक, यष्टिरक्षक, धावबाद, पायचीत, झेल हे शब्द पुस्तकी न राहता शेताच्या बांधावर पोहोचले. वर्तमानपत्रांत हेच काम वि. वि. करमरकर यांनी केले. ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून त्यांनी मराठी वाचकाला क्रीडा पानाची गोडी लावली. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेक वाचकांना आपण क्रिकेट प्रथम कोणाच्या शब्दांत पाहिले, याची आठवण झाली.

रेडिओवरचा खेळ श्रोत्याच्या डोक्यात घडत असे. चेंडू कोठे गेला हे समालोचक सांगे, पण मैदान किती हिरवे आणि फलंदाज किती रुबाबदार, हे श्रोता स्वतः ठरवी. समालोचक या सवलतीचा पुरेपूर लाभ घेत. इंग्लंडमधील १९३८ च्या ॲशेस मालिकेचे ‘प्रत्यक्ष’ समालोचन ऑस्ट्रेलियातील श्रोत्यांनी ऐकले ते सिडनीतील स्टुडिओतून. तारेने येणाऱ्या त्रोटक संदेशांवरून समालोचक चेंडूमागून चेंडू उभा करीत. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज लाकडावर पेन्सिल आपटून काढला जाई आणि प्रेक्षकांचा गलका ध्वनिमुद्रिकेवरून येई.

अमेरिकेत बेसबॉलचेही असेच चालले होते. तेथील पहिले रेडिओ समालोचन ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या ‘केडीकेए’ केंद्रावरून झाले. पुढे तीसच्या दशकात आयोवा राज्यातील एक तरुण निवेदक तारेवरून येणाऱ्या मजकुराच्या आधारे शिकागो कब्ज संघाचे सामने रंगवून सांगत असे. एकदा ऐन मोक्याच्या क्षणी तार बंद पडली. सामना थांबवला तर श्रोते दुसऱ्या केंद्राकडे वळणार! तेव्हा त्याने फलंदाजाला एकापाठोपाठ एक ‘फाउल’ मारायला लावले. बेसबॉलमध्ये फटका मर्यादारेषेबाहेर गेला, की तो फाउल ठरतो आणि धावफलकात त्याची धाव नोंदली जात नाही, हे त्या निवेदकाला बरोब्बर ठाऊक होते. तार सुरू होईपर्यंत कित्येक मिनिटे हा काल्पनिक खेळ चालला. हा निवेदक म्हणजे रोनाल्ड रेगन. १९८१ मध्ये ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. आपला हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत.

सर्वांत मोठा खेळ मात्र कोणत्याही पडद्यावर नाही. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे झिम्बाब्वेविरुद्ध भारताची अवस्था ५ बाद १७ होती. तेथून कपिलदेवने नाबाद १७५ धावा केल्या आणि भारताने ८ बाद २६६ अशी मजल मारली. या खेळीचे चित्रीकरणच झालेले नाही. ती आज जिवंत आहे ती धावफलकात, वर्णनांत आणि ती न पाहिलेल्या लाखो लोकांच्या आठवणीत.

सात मिनिटांचा प्रश्न

दूरचित्रवाणी आल्यावर समालोचकाची ही मक्तेदारी संपली आणि प्रक्षेपणाच्या हक्कांचा झगडा सुरू झाला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. या खटल्याचे मूळही क्रिकेटच्या प्रक्षेपणातच होते. जानेवारी २००७ मध्ये भारत-वेस्ट इंडिज मालिकेच्या वेळी खासगी हक्कधारक आणि दूरदर्शन यांच्यात पुन्हा वाद पेटला. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने दूरदर्शनला सात मिनिटे उशिराचे प्रक्षेपण मिळाले. भारनियमनाच्या त्या काळात ग्रामीण महाराष्ट्रातील क्रीडारसिकाला या सात मिनिटांचे फारसे वैषम्य वाटले नसावे. वीज कित्येक तास जात असे. सात मिनिटांचे काय ते!

त्याच वर्षी संसदेने कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण खासगी हक्कधारकांनी प्रसारभारतीला देणे बंधनकारक झाले. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की असे मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनने आपल्या भूप्रक्षेपणावर आणि मोफत डीटीएच सेवेवरच दाखवावे. केबलचालकांमार्फत ते देता येणार नाही. खेड्यातील घरावर दिसणाऱ्या मोफत डिशचे महत्त्व यामुळे वाढले.

मग मोबाइल आला आणि उशिराचा प्रश्न वेगळ्या रूपाने परतला. मोबाइलवरील प्रक्षेपणात चित्राचे आधी आकडेवारीत रूपांतर होते. त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. ते इंटरनेटवरून येतात आणि प्रवाह खंडित होऊ नये म्हणून मोबाइल त्यांतले काही तुकडे आधी साठवून मगच दाखवतो. या साऱ्या प्रवासात मोबाइलचे चित्र दूरचित्रवाणीच्या काही सेकंद, कधी कधी अर्धा मिनिटही मागे पडते. परिणाम असा, की शेजारच्या घरात ‘आउट!’ अशी आरोळी उठते, तेव्हा मोबाइलवर गोलंदाज अजून धावत येत असतो. भारताच्या सामन्याला कानाशी रेडिओ धरून बसलेला एखादा आजोबा तर साक्षात भविष्यवेत्ताच ठरतो. ‘आता विकेट पडते बघा,’ असे तो म्हणतो आणि विकेट पडते. हंगामात अचूक ठरणारे बहुधा हे एकच भाकीत!

भाषेच्या बाबतीत मात्र मोबाइलने मराठी रसिकाचा फायदा केला. २०२३ च्या हंगामात ‘जिओ सिनेमा’ने आयपीएलचे सामने मोफत दाखवले आणि समालोचनासाठी दिलेल्या बारा भाषांत मराठीचाही समावेश केला. या मराठी चमूत पुण्याचा केदार जाधव होता. हंगाम ऐन भरात असताना, मेच्या आरंभी, बंगळुरू संघाने जखमी खेळाडूच्या जागी त्यालाच करारबद्ध केले आणि काल समालोचन करणारा गडी आज मैदानात जाण्यासाठी सज्ज झाला. त्या वेळी बंगळुरूचे मुख्य प्रशिक्षक होते संजय बांगर, जन्म बीडचा. बांगर यांचा आवाज हिंदी समालोचनातून घराघरांत पोहोचलेला आहे. त्या हंगामाच्या पूर्वसंध्येला ‘मराठी समालोचक बंगळुरूच्या संघात जाईल’ असे भाकीत कोणी केले असते, तर पारावरून त्याला हाकलूनच दिले असते.

मोफत प्रक्षेपणाचे दिवस फार टिकले नाहीत. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले होते. ही रक्कम कोठून तरी वसूल होणारच. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन बड्या सेवा एकत्र येऊन ‘जिओ हॉटस्टार’ झाले आणि त्या हंगामात संपूर्ण सामने पाहण्यासाठी वर्गणी किंवा ठराविक रिचार्ज आवश्यक ठरले.

छत्तीस लाखांतला एक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भाकिते का चुकतात? पहिले कारण निव्वळ अंकगणिताचे आहे. आयपीएलमध्ये दहा संघ आहेत. त्यांतून बाद फेरीतील चार संघ निवडण्याचे मार्ग होतात २१०. चौघांचा क्रमही सांगायचा झाल्यास ५,०४०. आणि पहिल्यापासून दहाव्यापर्यंत संपूर्ण क्रमवारी लावायची तर शक्यता होतात ३६ लाख २८ हजार ८००. अर्थात सर्व संघ सारखे नसतात, त्यामुळे जाणकाराचे काम यापेक्षा बरेच सोपे होते. तरीही हंगामापूर्वी वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर छापील चौकटीत झळकणाऱ्या क्रमवाऱ्यांकडे या आकड्याच्या पार्श्वभूमीवर पाहिलेले बरे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हंगाम छोटा असतो. साखळीत प्रत्येक संघ फक्त चौदा सामने खेळतो. समजा, एखादा संघ इतका भक्कम आहे, की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ६० टक्के आहे. शंभरांपैकी साठ सामने जिंकणारा संघ म्हणजे क्रिकेटमध्ये बलाढ्यच. तरीही चौदा सामन्यांत त्याला सात किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के निघते. म्हणजे दहांपैकी तीन हंगामांत हा बलाढ्य संघ सामान्य वाटेल आणि प्रशिक्षकाच्या राजीनाम्याची मागणी होईल. उलट, अगदी मध्यम दर्जाचा, प्रत्येक सामन्यात निम्मी संधी असलेला संघ नऊ किंवा अधिक सामने जिंकण्याची शक्यता सुमारे २१ टक्के. म्हणजे पाचांत एकदा हा मध्यम संघ सर्वांना विजेत्यासारखा भासेल आणि त्याच्या कप्तानाच्या चातुर्यावर लेख लिहिले जातील.

येथे बेसबॉलशी तुलना उद्बोधक ठरते. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत प्रत्येक संघ नियमित हंगामात १६२ सामने खेळतो. तेथे ६० टक्के क्षमतेचा संघ निम्मे किंवा त्याहून कमी सामने जिंकण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी उरते. सामने वाढले, की नशीब दोन्ही बाजूंना सारखे वाटले जाते आणि गुणवत्ता वर येते. म्हणूनच बेसबॉलमध्ये आकडेवारीवर आधारित अंदाजांचे एक शास्त्रच उभे राहिले. आयपीएलचा हंगाम म्हणजे त्या मानाने नाणे चौदा वेळा उडवून त्याचे चारित्र्य ठरवण्याचा प्रकार.

तरीही बेसबॉलचा रसिक काही सुखी नाही. नियमित हंगामानंतरची बाद फेरी तेथेही छोटीच असते आणि तेथे पुन्हा नशिबाचे राज्य सुरू होते. शिकागो कब्ज १९०८ मध्ये जिंकला, त्यानंतर थेट २०१६ मध्ये. बोस्टनच्या रेड सॉक्सला १९१८ नंतर २००४ पर्यंत थांबावे लागले. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य शिकागोच्या तीन पिढ्यांनी म्हटले. बंगळुरूच्या चाहत्यांना ही व्यथा समजण्यासारखी आहे. २००९, २०११ आणि २०१६ असे तीन अंतिम सामने हरल्यावर, दर वर्षी ‘यंदा करंडक आपलाच’ अशी कानडीतून घोषणा दिल्यावर आणि त्यावरून देशभर चेष्टा सोसल्यावर, ३ जून २०२५ रोजी अहमदाबादेत पंजाबला सहा धावांनी हरवून हा संघ अठराव्या हंगामात जिंकला. सतरा वेळा चुकलेले भाकीत अठराव्यांदा खरे ठरले. याला दूरदृष्टी म्हणावे की चिकाटी, हे ज्याने त्याने ठरवावे.

चुकलेल्यांची मांदियाळी

भाकीत चुकल्यावर काय करावे, याचा आदर्श डेव्हिड फ्रिथ यांनी घालून दिला आहे. ‘विस्डेन क्रिकेट मंथली’चे संपादक असलेल्या फ्रिथ यांनी १९८३ च्या विश्वचषकापूर्वी भारतासारख्या संघांची खिल्ली उडवली होती. कामगिरी सुधारणार नसेल, तर पुढच्या स्पर्धेत त्यांनी येऊच नये, असा त्यांचा सूर होता. भारत विश्वविजेता झाला. अमेरिकेतील एका भारतीय वाचकाने पत्र लिहून ‘आता आपले शब्द गिळा’ असे सुचवले. फ्रिथ यांनी आपला छापील मजकूर खरोखरच तोंडात घालून छायाचित्र काढून घेतले. आजच्या तज्ज्ञांनी ही प्रथा सुरू ठेवली असती, तर कागदाचा तुटवडा भासला असता.

२००८ मध्ये पहिल्या आयपीएलच्या लिलावात सर्वांत महाग संघ होता मुंबईचा आणि सर्वांत स्वस्त राजस्थानचा. शेन वॉर्नच्या त्या स्वस्त संघाने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अखेरच्या चेंडूवर करंडक जिंकला. महागडी मुंबई पाचवी आली. २०१४ मध्ये मुंबईने पहिले पाच सामने गमावले. तरीही वानखेडेवरील अखेरच्या साखळी सामन्यात आदित्य तरेने राजस्थानविरुद्ध मारलेल्या एका षटकाराने संघ बाद फेरीत गेला. २०१५ मध्ये पहिले चार सामने हरून मुंबई विजेती ठरली. आणि २०२२ व २०२४ मध्ये, पाच विजेतेपदे गाठीशी असताना, हाच संघ दहाव्या म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. २०२४ मध्येच बंगळुरूने पहिल्या आठांपैकी सात सामने गमावले होते. उरलेले सहाही जिंकून तो संघ बाद फेरीत पोहोचला. नाणे सलग सहा वेळा छापा पडण्याची शक्यता चौसष्टांत एक असते. ती एकदा आली.

हल्ली पडद्यावर सामना चालू असतानाच ‘विजयाची शक्यता’ टक्क्यांत दिसते. या पद्धतीचा एक सुरुवातीचा नमुना २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या क्रीडावाहिनीवर आला. कॅन्टरबरी विद्यापीठातील स्कॉट ब्रुकर आणि सीमस होगन यांनी जुन्या सामन्यांच्या नोंदींवरून तो तयार केला होता. पूर्वी अशा स्थितीत असलेल्या संघांचे पुढे सरासरी काय झाले, एवढेच हा आकडा सांगतो. पडद्यावर ९० टक्के दिसत असताना संघ हरला, तर ‘यंत्र खोटे’ अशी ओरड होते. वस्तुतः ९० टक्क्यांचा अर्थच हा, की अशा दहा सामन्यांतला एक हातचा जाईल. तो एक सामना नेमका आपल्या संघाचा असतो, हे यंत्राला ठाऊक नसते.

कटिंगची पैज आणि खिशातले पैसे

येथवरचा सारा प्रकार करमणुकीचा आहे. मात्र गेल्या काही वर्षांत याच भाकिताच्या हौसेला पैशाची वाट फुटली. क्रिकेटवरील सट्टा महाराष्ट्रात नवा नाही. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही उद्धृत केला जातो. नवे होते ते त्याचे रूप. मोबाइलवर आपला संघ निवडा, पैसे भरा, आपले खेळाडू चमकले तर बक्षीस मिळवा, अशा खेळांच्या जाहिराती सामन्याच्या दोन षटकांमध्ये दिसू लागल्या. त्यांत नामवंत खेळाडूच झळकत. हे कौशल्याचे खेळ आहेत, असा कंपन्यांचा दावा होता आणि काही न्यायालयांनी तो मान्यही केला होता.

कौशल्य नसते असे कोणी म्हणणार नाही. खेळपट्टी, फॉर्म, नाणेफेक यांची जाण असलेला रसिक अनभिज्ञापेक्षा बरा अंदाज करील. परंतु चौदा सामन्यांच्या हंगामात बलाढ्य संघालाही नशीब कसे लोळवते, हे वर पाहिलेच. एका सामन्यात, एका खेळाडूच्या बाबतीत तर नशिबाचा वाटा आणखी मोठा होतो. शिवाय कंपनी आपला हिस्सा आधीच कापून घेते. म्हणजे सर्व खेळाडूंनी मिळून जेवढे पैसे भरले, त्याहून कमीच त्यांच्याकडे परत येतात. त्यामुळे कौशल्य असलेले थोडे आणि चिकाटीने आकडेमोड करणारे थोडे, असे मूठभर जिंकतात. उरलेले त्यांच्यासाठी पैसे भरत राहतात. या उरलेल्यांत आपणच असू, असे भाकीत मात्र कोणी करीत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालवण्यास त्यात मनाई आहे. ते चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार ठरवलेले नाही. त्यानंतर बड्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि भारतीय संघाच्या जर्सीवरील प्रायोजकाचे नावही बदलले. कायद्याने उघड बाजार मिटतो. चोरून चालणारा सट्टा तेवढ्याने मिटत नाही, हे सव्वाशेहून अधिक वर्षांच्या जुन्या कायद्याने दाखवून दिले आहेच.

म्हणूनच खरा बचाव समजुतीत आहे. आपला अंदाज किती चुकू शकतो, हे हवामान विभागाप्रमाणे स्वतःला विचारण्याची सवय लागली, तर भाकिताची मजा कमी होत नाही आणि खिसाही शाबूत राहतो. दहा संघांच्या स्पर्धेत अगदी प्रबळ दावेदाराला चारांत एक संधी मानली, तरी तो चारांपैकी तीनदा हरणारच. हे गणित माहीत असूनही ‘मुंबईच’ म्हणण्यात गंमत आहे. हे गणित माहीत नसताना त्यावर महिन्याचा पगार लावण्यात नाही.

जे कोणी सांगितले नव्हते

राहता राहिला प्रश्न, भाकितांत न बसणाऱ्या गोष्टींचा. ऑगस्ट २००२ मध्ये लीड्सच्या ओल्या, ढगाळ हवेत संजय बांगर यांनी सलामीला येऊन ६८ धावांची चिवट खेळी केली आणि द्रविड, तेंडुलकर, गांगुली यांच्या शतकांना पाया मिळाला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताची अवस्था ४ बाद ३२ होती. पडद्यावरील टक्केवारी काय सांगत असेल, याचा अंदाज कोणालाही यावा. तेथून कर्णधार उदय सहारनच्या साथीने १७१ धावांची भागीदारी करणारा आणि ९६ धावा काढणारा सचिन धस हा बीडचा. सचिन तेंडुलकरवरून त्याचे नाव ठेवण्यात आले आहे. भारताने तो सामना दोन गडी राखून जिंकला.

नाव ठेवताना त्याच्या घरच्यांनी मनात धरलेले ते भाकीत मात्र बऱ्याच अंशी खरे ठरले. असे भाकीत दर वर्षी चुकते, तरी पुढच्या वर्षी पुन्हा करावेसे वाटते. धर्मापुरीच्या पारावर काय किंवा मुंबईच्या लोकलमध्ये काय, पुढच्या हंगामातही ‘औंदा कोण?’ हा प्रश्न निघेल. उत्तर देणाऱ्याने खुशाल छातीवर हात ठेवून द्यावे. पैज मात्र चहाचीच असावी. हरला तरी अर्धा कप त्याच्याही वाट्याला येतोच.